सहा, सहा, सहा, चार : खानापूर तालुक्यातल्या एका नववीच्या वर्गातल्या कविता

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातलं मराठी माध्यमाचं एक हायस्कूल. नववीचा वर्ग, तीसेक मुलं. शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्यातला शेवटचा तास सर्जनशील लेखनासाठी राखून ठेवला होता. वर्ग मराठीचा आणि तास माझा. जूनमध्ये मी फळ्यावर ‘पाऊस’ असा विषय लिहिला आणि कविता करायला सांगितलं. ज्या कविता आल्या, त्यांच्यापासून हे प्रकरण सुरू होतं.

त्या सगळ्या कविता एकच होत्या. पाऊस आला, मनाला आनंद झाला, रानात मोर नाचला, धरतीने हिरवा शालू नेसला, बळीराजा सुखावला. यमकं ‘आला-झाला-न्हाला’च्या पलीकडे गेली नव्हती. मुलांनी एकमेकांचं पाहून लिहिलं होतं असं नाही. आपापल्या बाकावर बसून, मान खाली घालून, मनापासून लिहिलं होतं. तरीही कुठलं पान कुणाचं हे फक्त अक्षरावरूनच ओळखता येत होतं.

ही मुलं पावसाच्या प्रदेशातली आहेत, हे इथं सांगायला हवं. तालुक्याच्या पश्चिमेला कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस इतका कोसळतो की दर पावसाळ्यात शाळांना सुट्टी जाहीर करावी लागते. चिखलणी, लावण, गळकी कौलं, ओलं सरपण, बंद पडलेली बस हे सगळं या मुलांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. त्यातलं काहीच वहीत उतरलं नव्हतं. शालू नेसलेली धरती उतरली होती.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मुलांनी कविता पाठ्यपुस्तकात वाचलेली असते, स्नेहसंमेलनात ऐकलेली असते. आपल्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात. तिथलं कविसंमेलन ऐकायला काही मुलं घरच्यांबरोबर जाऊन आलेली असतात. खेडोपाडी मराठी टिकून आहे ती अशा मांडवांमुळे, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण मांडवातून पोर घरी येतं ते कवितेत काय बोलायचं असतं याचा एक ठरीव साचा घेऊन. आई, माती, पाऊस, सीमाभाग. या विषयांवर बोलायचं म्हणजे मोठ्या आवाजात आणि मोठ्या शब्दांत बोलायचं, अशी त्याची समजूत झालेली असते.

दुसरीकडे व्याकरणात ही मुलं कच्ची नव्हती. भुजंगप्रयातात य गण चार वेळा येतो हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. वृत्त ओळखणं, अलंकार ओळखणं, गुण मिळवणं यात अडचण नव्हती. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, प्रथम भाषेचे १२५ गुण असतात आणि त्यांचं दडपण नववीपासूनच बसायला लागतं. पण ओळखता येणारी गोष्ट आपल्यालाही करता येते, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आधी जे करून पाहिलं

पहिले काही शनिवार फारसं हाती लागलं नाही. ‘मनातल्या भावना मोकळेपणाने लिहा’ असं सांगून मुक्तछंद करून पाहिला. मुलांनी निबंधाची वाक्यं तोडून एकाखाली एक मांडली. समुद्राचं चित्र दाखवून लिहायला लावलं, तर ‘अथांग’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर आला. हायकूही करून पाहिलं. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला तो सुंदर प्रकार आहे, पण तीन छोट्या ओळी म्हटल्यावर मुलांना रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा सुविचार आठवला, आणि वर्गभर सुविचार तयार झाले. यातला कुठलाही प्रयोग वाईट नाही. या वर्गाला तो तेव्हा लागू पडला नाही, एवढंच.

थोडं हललं ते एका साध्या यादीने. पावसाळ्यात तुमच्या घरात कुठल्या वस्तूची जागा बदलते, एवढंच विचारलं. फक्त वस्तूंची नावं लिहायची, विशेषण एकही नाही. ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘हिरवेगार’, ‘मनमोहक’ हे शब्द त्या दिवसापुरते बंद. याद्या आल्या त्या अशा: शेणी माळ्यावर, सरपण चुलीमागे, परात गळतीखाली, कोंबड्या पडवीत, इरलं खुंटीला, तात्यांची खाट भिंतीपासून लांब. कुणी लिहिलं, ‘दप्तर पोत्यात’. कुणी लिहिलं, ‘आजी आतल्या खोलीत’. त्या याद्या वाचताना मला पहिल्यांदाच वेगवेगळी घरं दिसली.

पण यादी म्हणजे कविता नव्हे, हे मुलांनीच सांगितलं. “ह्यात चाल कुठाय टीचर?” त्यांना चाल हवी होती. आणि चाल तर त्यांच्या कानात आधीपासून होती.

हरिपाठाचा हिशेब

बेळगाव-खानापूर भागात वारकरी संप्रदाय खोलवर रुजलेला आहे. गावोगावी भजनी मंडळं आहेत, संध्याकाळी देवळात हरिपाठ होतो, आणि पोरं टाळ वाजवायला मिळतो म्हणून का होईना जाऊन बसतात. हरिपाठाचे अभंग देवद्वार छंदात आहेत. चार चरण: पहिल्या तीनांत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूचा क्रम सांभाळावा लागतो, मात्रावृत्तात मात्रा मोजाव्या लागतात. छंदात फक्त अक्षरं मोजायची. जोडाक्षर असलं तरी ते एकच. चौदा वर्षांच्या पोराला बोटांवर जमेल एवढंच हे गणित आहे.

मी विषय दिला नाही. फळ्यावर चार आडव्या रेघा ओढल्या, त्यांच्यापुढे ६, ६, ६, ४ असे आकडे घातले, आणि मागच्या शनिवारची स्वतःची यादी उघडायला सांगितली. यादीतली एक वस्तू या चार रेघांत बसवायची.

वर्गात बाजारासारखा गलका झाला, आणि मी तो होऊ दिला. मुलं बोटांवर मोजत होती, शेजाऱ्याची ओळ मोजून देत होती. ‘मनमोहक’ या शब्दाला पाच अक्षरं लागतात, म्हणजे एका शब्दात जवळजवळ अख्खा चरण संपतो, हे एका मुलाने वैतागून जाहीर केलं. मला जे शब्द बंद करावे लागले होते, ते आता आपोआप गळायला लागले. शेवटच्या चार अक्षरांत तर काहीच फुगवता येत नाही. तिथे एखादी जागा, एखादी वस्तू किंवा एखादी क्रियाच मावते. कवितेचा शेवट कसा करावा हे तासभर समजावून जे साधलं नसतं, ते त्या चारच्या आकड्याने साधलं.

माझं म्हणणं इथंच आहे. या वयाच्या मुलांना विषय देऊ नये, मोजमाप द्यावं. विषय दिला की त्याच्याबरोबर त्यावरचे सगळे तयार शब्द येतात, कारण ते आधीच कुणीतरी बोलून ठेवलेले असतात. मोजमाप दिलं की मूल शब्द शोधायला लागतं, आणि शोधता शोधता ते स्वतःच्या घरात जाऊन पोचतं. भावना व्यक्त करायला सांगितलेलं मूल लाजतं. अक्षरं मोजण्यात गुंतलेल्या मुलाला लाजायला सवडच नसते.

टाळ्यांचा घोळ

याच तासाला एक पेच आला. मी तो आधी हेरला नव्हता आणि त्यातून फार शिकायला मिळालं. अक्षरं मोजायला सोपं जावं म्हणून काही मुलं टाळ्या वाजवत होती. ‘सारा माल’ला टाळ्या पडल्या तीन: सा, रा, माल्. वहीत मोजली तर अक्षरं चार. दोन्ही बाजूंनी भांडण. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो, ‘माल’चा ल अर्धा सोडतो. पण अभंग म्हणताना तोच ल पुरा उच्चारावा लागतो, नाहीतर टाळ चुकतो. म्हणजे कागदावरची अक्षरसंख्या आणि जिभेवरची अक्षरसंख्या यांत फरक आहे, आणि गाताना कागदाची संख्या खरी ठरते.

हा घोळ सोडवला एका मुलाने. त्याच्या आईचं माहेर बैलहोंगलकडचं, त्यामुळे घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात. त्याच्या टाळ्या पहिल्यापासून बरोबर पडत होत्या. कन्नडमध्ये शब्दाचा शेवटचा स्वर गिळत नाहीत. कन्नड माणूस ‘वचन’ म्हणतो तेव्हा शेवटचा न स्वच्छ ऐकू येतो. या मुलाच्या कानाला ती सवय होती. एरवी मराठीच्या तासाला र्‍हस्व-दीर्घावरून बोलणी खाणारा तो मुलगा त्या दिवशी वर्गाचा मोजणीदार झाला. ओळ लिहिली की त्याच्यासमोर नेऊन म्हणायची, आणि तो बोट वर करून ‘हां’ म्हणाला की पुढे जायचं.

पुढे या धाग्यावरून आम्ही कन्नडच्या सरांना तासाला बोलावलं. त्यांनी सर्वज्ञ या जुन्या कन्नड कवीच्या त्रिपदी म्हणून दाखवल्या. त्या मुलांना कन्नडच्या पुस्तकामुळे माहीत होत्या, पण मराठीच्या तासाला त्या ऐकताना सगळी सावरून बसली. तीन ओळींची बांधणी, आणि शेवटी कवीचं नाव. अभंगातही तसंच. तुका म्हणे, नामा म्हणे. कन्नड संतांच्या वचनांत स्वतःच्या नावाऐवजी आराध्यदैवताचं नाव असतं: बसवण्णांच्या वचनात कूडलसंगमदेव येतो, अक्कमहादेवींच्या वचनात चेन्नमल्लिकार्जुन. आमच्या तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे जाऊन कूडलसंगमालाच कृष्णेला मिळते. सरांनी ते सांगितल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी “म्हणजे आमचंच पाणी की” असं म्हणालं. मला ते वाक्य फार आवडलं.

यातून पुढचा अभ्यास निघाला: शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायचं. सुरुवातीला हसू आलं, मग वर्ग गंभीर झाला. ‘अमुक म्हणे’ लिहिल्यावर पुढे काहीतरी म्हणावंच लागतं, आणि ते दुसऱ्याचं चालत नाही. एका मुलाच्या वडिलांचं गोव्याला कामाला जायचं घाटत होतं. घरी तो त्यांना तात्या म्हणतो. त्याच्या नावाच्या जागी मी इथे ‘पोर’ घातलं आहे:

पोर म्हणे तात्या
गोव्याला न जावं
इथंच राहावं
भातापाशी

या मुलाने जूनमध्ये लिहिलेल्या पाऊस-कवितेत बळीराजा सुखावला होता.

आजीकडून आणलेली ओवी

मधल्या सुट्टीत एक घरकाम दिलं होतं. आजीकडून, नाहीतर शेजारच्या म्हातारीकडून जात्यावरची एक ओवी आणायची. गावागावात पिठाची गिरणी येऊन पिढ्या लोटल्या. त्यामुळे कितीतरी घरांत आजीला चाल आठवली आणि शब्द आठवले नाहीत. काही मुलांनी मोबाइलवर आवाज भरून आणला. बेळगावातच बहुतेक आयुष्य काढलेल्या इंदिरा संतांनी या जात्यावरच्या ओव्यांवर मोठं काम करून ठेवलं आहे. एवढी मोठी कवयित्री आपल्या जिल्ह्याच्या गावी राहत होती आणि तिला म्हाताऱ्या बायकांची गाणी गोळा करावीशी वाटली, ही गोष्ट मुलांना खरी वाटेना.

आणलेल्या ओव्या मोजल्या तर अक्षरं कमीजास्त भरली. मुलांनी तक्रार केली. मी सांगितलं की दळणाऱ्या बाईचा हात जसा फिरतो तशी ओवी ताणते आणि आखडते. मग ‘पहिली माझी ओवी’ हा परंपरेतला चरण घेऊन पुढचं स्वतःचं रचायला दिलं. पहिली ओवी देवाला द्यायची रीत आहे. पण ती कुणाला द्यायची हे ज्याचं त्याने ठरवावं, असं सांगितलं. एका मुलीने ती बसला दिली:

पहिली माझी ओवी
सकाळच्या बसला
दारात लटकला
भाऊ माझा

सात, सात, सात, चार. तिने मोजलं नव्हतं, तिच्या कानानेच मोजलं होतं. सकाळची ती बस कॉलेजला आणि कामाला जाणाऱ्यांनी कशी भरून जाते हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातला ‘लटकला’ हा शब्द फार जिवंत वाटतो. त्यात त्या पोरीची काळजी आहे आणि ती तिने कुठेही सांगितलेली नाही.

वळीव

या प्रकरणाचा गाभा एका कवितेत आहे. खानापूरची माती वीट आणि कौलासाठी नावाजलेली. भातं निघाली की शिवारात वीटभट्ट्या लागतात, त्या पावसाळ्यापर्यंत चालतात. वर्गातल्या एका मुलीचं घर असंच विटांवर चालतं. जूनमधली तिची कविता इतरांसारखीच होती, मोरासकट. यादीच्या तासाला तिने ‘ताडपत्री’ आणि ‘पोती’ असे दोनच शब्द लिहिले आणि थांबली. मी विचारलं तर म्हणाली, “टीचर, आमच्यात वळीव आला की कोण नाचत न्हाई.”

कच्ची वीट उन्हात वाळवायला मांडलेली असते. भट्टीत भाजण्याआधी तिच्यावर जोराचा पाऊस पडला की तिची पुन्हा माती होते. एप्रिल-मे महिन्यात गडगडाट झाला की शेतकरी सुखावतो आणि वीटवाला धावतो. सहा-सहा-सहा-चारच्या रेघांत तिने हे लिहिलं:

वळीव पडला
विटा भिजवून
गेला वितळून
सारा माल

आई पोती टाकी
बाबा गप झाला
चिखूल वाळला
हातावर

मी ही कविता वर्गात तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतली. वर्ग शांत झाला नाही, उलट बोलायला लागला. कुणाच्या काजूचा मोहर गळाला होता, कुणाची सुगी खळ्यावर भिजली होती. प्रत्येकाकडे नकोसा झालेला एक पाऊस होता, आणि तोवर तो कवितेत येऊ शकतो असं कुणालाच वाटलं नव्हतं.

पुढे ही कविता भित्तिपत्रिकेसाठी निवडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं मत पडलं की मुलांच्या कवितेचा शेवट असा निराश नसावा, एखादं कडवं जिद्दीचं हवं, संदेश हवा. त्यांचा हेतू चांगला होता. मुलांवर त्यांचं प्रेम आहे आणि पालक भित्तिपत्रिका वाचतात हेही खरं. माझं मत ठाम उलट होतं. चौदा वर्षांच्या मुलीने जे डोळ्यांनी पाहिलं ते तिने नेमक्या शब्दांत सांगितलं आहे. त्यावर आशेचा लेप दिला तर आपण तिला पुन्हा शालू नेसलेल्या धरतीकडे नेऊन सोडू. ‘चिखूल’चं ‘चिखल’ करावं अशीही एक सूचना आली. अक्षरं दोन्हीकडे तीनच, तेव्हा मोजणीने तो वाद मिटण्यासारखा नव्हता. तिच्या घरी जसं बोलतात तसंच राहू द्यावं, असं मी म्हटलं, आणि ते मान्य झालं.

शेवटच्या कडव्याचा निर्णय मात्र आम्ही तिच्यावर सोपवला. दोन्ही बाजू तिला सांगितल्या. पुढच्या शनिवारी ती तिसरं कडवं घेऊन आली:

दुसऱ्या दिवशी
त्याच चिखलात
बाबा पुन्हा हात
घालतोय

वितळलेल्या विटांची माती वाया जात नाही, ती कालवून पुन्हा साच्यात घालतात. भट्टीवर जे होतं तेच तिने लिहिलं होतं. सहकाऱ्यांना त्यात जिद्द दिसली, मला त्यात वडिलांचे हात दिसले. कविता तीन कडव्यांनिशी लागली.

जे जमलं नाही, जे उरलं

सगळ्यांना मोजणी मानवली असं नाही. गोष्टी सांगण्यात पटाईत असलेला एक मुलगा रेघा बघितल्या की गोठायचा. बोलताना त्याची एकेक वाक्यं ऐकत राहावीत अशी, आणि सहा अक्षरांत त्याला श्वास पुरायचा नाही. काही आठवड्यांनी मी त्याला रेघांतून मोकळं केलं आणि गद्य लिहायला दिलं. त्याने म्हशीच्या विक्रीवर लिहिलेली दोन पानं वर्गातल्या निम्म्या कवितांहून सरस होती. मोजमाप हे दार आहे. एखाद्याला ते अरुंद पडलं तर दुसरं उघडून द्यावं.

एक धोकाही दिसला. आकडा जमला की झालं, असं काही मुलांना वाटायला लागलं. ओळ भरायला ‘हो’, ‘गं’, ‘रे’, ‘बाई’ घुसायला लागले. त्यावर उपाय म्हणून एक नियम केला: भरतीचं अक्षर शेजाऱ्याने शोधून काढायचं, आणि कवीने त्या जागी आपल्या यादीतली वस्तू आणायची. हे काम तासाला सगळ्यात जास्त वेळ खाणारं ठरलं आणि सगळ्यात उपयोगी. लिहिलेलं पुन्हा हातात घेऊन खोडायचं असतं, ही सवय आपल्या शाळांत लागत नाही. एकदा वहीत उतरलं की त्यावर बरोबरची खूण होते आणि पान उलटतं.

गुणांचा प्रश्न आम्ही साधा ठेवला. नववीला एफएसाठी, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनासाठी, कृती द्यावी लागते, त्यात कवितेची वही धरली. कविता चांगली की वाईट याला गुण ठेवले नाहीत. यादी केली का, किमान एकदा खोडून पुन्हा लिहिलं का, आणि दुसऱ्याची कविता मोजून दिली का, एवढंच पाहिलं. त्यामुळे मोजणीदार मुलाला स्वतःची एकही नीटशी कविता न जमताही पूर्ण गुण मिळाले, आणि त्यावर वर्गात कुणी हरकत घेतली नाही.

हा वर्ग आता दहावीला गेला आहे. शनिवारचा तास सराव परीक्षेकडे गेला आणि त्याबद्दल भांडण्यात अर्थ नव्हता. नव्या नववीला मी पहिल्याच शनिवारी यादीपासून सुरुवात केली आहे. रेघांसाठी मात्र या वर्षी पावसाळ्याऐवजी सुगीची यादी घ्यायची आहे, म्हणून रेघा ओढायला नोव्हेंबरपर्यंत थांबणार आहे. कन्नडच्या सरांनी त्रिपदीसाठी आपले दोन तास आधीच लिहून दिले आहेत.